मुलगा आणि वारस

शेजारच्या आजींनी एका रविवारी चहाला बोलावलं आणि माझ्यासमोर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवला. आत बिस्किटं नव्हती. गुंडाळी केलेला, कडांना पिवळा पडलेला, तीन ठिकाणी चिकटपट्टीने सांधलेला एक लांबलचक कागद होता. तो उलगडायला टेबल पुरेना. मग आम्ही तो स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. अगदी तळाला आजींचं नाव, त्यांच्या वडिलांच्या अक्षरात. सगळ्यात वर लाल शाईत: ओवाइन ग्विनेद, उत्तर वेल्सचा राजा, मृत्यू ११७०.

आम्ही चेस्टरला राहतो. हे गाव इंग्लंडमध्ये, पण हवा स्वच्छ असली की तटावरून वेल्सचे डोंगर दिसतात. आजी त्या डोंगरांपलीकडच्या कॉन्वी खोऱ्यातल्या. लग्न होऊन इकडे आल्या त्याला साठ वर्षं झाली, तरी जिन्याच्या पायऱ्या अजून वेल्श भाषेतच मोजतात. ‘आपण ग्विदिरच्या विन घराण्यातले’ असं त्यांच्या घरात तीन पिढ्या सांगत आलेत. आता नव्वदीच्या उंबऱ्यावर त्यांना एवढंच हवं होतं, की हे खरं का खोटं ते कुणीतरी नीट बघावं. मी जन्मभर ग्रंथालयात काम केलेली, रिकामी, आणि जुन्या अक्षरांची हौस असलेली. माझ्यावर नजर पडणारच होती.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मिरजेहून चुलतभावाचा फोन आला होता. काका गेल्यावर जमिनीची वारसनोंद करायची राहिली होती. त्यासाठी स्टॅम्पपेपरवर वंशावळ लागते, प्रतिज्ञापत्रासकट. ‘ताई, पणजोबांपासून खाली सगळी नावं काढून ठेव, तुला आठवतात,’ असं त्याने सांगितलं होतं. मी एका हाताने आमच्या घराची वंशावळ लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने एका वेल्श सरदाराची. दोन्ही कागद शेजारी शेजारी पडले नसते, तर पुढचं काही माझ्या लक्षात आलं नसतं.

ग्विदिरचे विन म्हणजे वेल्सच्या मातब्बर जमीनदारांपैकी एक घर. कॉन्वी नदीच्या एका काठाला लानरूस्ट हे बाजाराचं गाव, पलीकडच्या काठाला ग्विदिरचा वाडा. किल्ला म्हणतात त्याला, पण आहे तो राहता वाडा. अंगणात मोर फिरतात. घराण्यातला सगळ्यात गाजलेला पुरुष सर जॉन विन, जन्म १५५३, मृत्यू १६२७. पहिल्या जेम्स राजाने १६११ साली पैसे घेऊन बॅरोनेट ही नवी पदवी द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच वर्षी ती मिळवणाऱ्यांत हा होता. हट्टी, कोर्टकचेऱ्यांत रमणारा, कुळांना नकोसा झालेला माणूस. जवळच एक मोठा धबधबा आहे. सर जॉनचा आत्मा त्या पाण्याखाली कोंडलेला आहे आणि जन्मभराची पापं धुऊन निघेपर्यंत सुटणार नाही, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मी आजींना विचारलं, तर म्हणाल्या, लहानपणी आम्हांला तिथे नेऊन ऐकवायचे, तो बघ ओरडतोय. पूर्वज म्हणून मिरवायचा तोच, आणि मुलांना भीती घालायची ती त्याचीच!

‘विन’ हे नाव कुठून आलं? वेल्श भाषेत ‘ग्विन’ म्हणजे पांढरा, गोरा. नावामागे जोडला की त्यातला ‘ग’ गळतो आणि ‘विन’ उरतो. तसाच ‘लॉइड’ म्हणजे करडा, ‘गॉफ’ म्हणजे तांबडा, ‘वॉन’ म्हणजे धाकटा. म्हणजे सर जॉन विन हे आपले सर जॉन गोरे. हे कळल्यावर मला त्या माणसाची भीतीच वाटेनाशी झाली.

पण हा गोरेपणा आडनाव म्हणून चिकटला तो सर जॉनच्या वडिलांपासून. त्याआधी वेल्समध्ये आडनाव नव्हतंच. अमुक ‘आप’ अमुक, म्हणजे अमुकचा मुलगा. मुलगी असली तर ‘वेर्ख’. माळ लावत जायची. सर जॉनच्या पणजोबांचं नाव मारेदिद आप येयान आप रॉबर्ट, आणि कुणी खोलात शिरलं तर पुढे आप मारेदिद आप हिवेल आप डेव्हिड. सोळाव्या शतकात इंग्रजी कायदा आणि इंग्रजी कारकून आले, तेव्हा ही माळ त्यांच्या वहीच्या ओळीत मावेना. बिशप रोलंड ली हा तेव्हा वेल्सच्या कारभारावर नेमलेला कडक माणूस. त्याच्यासमोर थॉमस आप रिचर्ड आप हिवेल अशी लांबण पुकारली गेली, तेव्हा तो वैतागून म्हणाला, तुझ्या घराचं नाव लाव आणि मोकळा हो. घराचं नाव होतं मॉस्टिन. तो थॉमस मॉस्टिन झाला. आपल्याकडची निम्मी आडनावं गावाला ‘कर’ लावून झालीत, तेव्हा आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ज्यांना घराचं नाव नव्हतं त्यांचा ‘आप’ बापाच्या नावात विरघळला: आप रीसचा प्राइस, आप हिवेलचा पॉवेल, आप ह्यूचा प्यू, आब ओवेनचा बोवेन.

मॉस्टिन म्हटल्यावर पेशवाईचा इतिहास वाचलेल्यांचे कान टवकारतील. मुंबईकर इंग्रजांचा वकील थॉमस मॉस्टिन १७७२ साली पुण्यात आला, आणि १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तेव्हा तो पुण्यातच होता. माझाही हात लगेच पेन्सिलीकडे गेला. मग मीच मला दटावलं. आडनाव जुळलं म्हणून घर जुळत नाही. सगळे गोरे एक नव्हेत आणि सगळे मॉस्टिनही नव्हेत. मधल्या प्रत्येक बापलेकाचा कागद हातात आल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. तो मोडायचा मोह पुढे मला पुष्कळदा झाला.

आता मूळ गोष्ट. वेल्श माणसाला पूर्वजांचं एवढं वेड का? बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड नावाच्या, पाव वेल्श रक्ताच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय की इथला साधा माणूससुद्धा सहासात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतो. वाचणारे याला अभिमान म्हणतात. मीही तसंच समजत होते. पण हिवेल दा या दहाव्या शतकातल्या राजाच्या नावाने चालणारे वेल्श कायदे वाचायला घेतले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हा तर सातबारा!

वेल्श कायद्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची. त्या वाटणीला ‘कव्रान’ म्हणत. भाऊ मेले की चुलतभावांना फेरवाटणी मागता यायची. ते मेले की पुढच्या पिढीच्या चुलतभावंडांनाही एकदा. तिथे मात्र वाटणी कायमची बंद. म्हणजे आपला पणजोबा कोण आणि त्याला भाऊ किती, हे ज्याला पाठ नाही त्याचा हिस्सा बुडाला. खून झाला तर त्याची भरपाई, ‘गलानस’, खुन्याच्या दूरदूरच्या भाऊबंदांकडून वसूल व्हायची आणि मेलेल्याच्या दूरदूरच्या भाऊबंदांत वाटली जायची. कुणी किती द्यायचं ते नात्याच्या अंतरावर. अशा देशात वंशावळ पाठ असणं म्हणजे खिशात किल्ली असणं. अभिमानाचा भाग नंतरचा.

कायद्यातला एक बारकावा मला फार आवडला. जमिनीवर घरं नसतील तर वाटे पाडायचे धाकट्याने आणि आधी उचलायचं थोरल्याने. आमच्या घरात उलट होतं, थोरला पाडायचा आणि धाकटा उचलायचा. पण अक्कल तीच. आणि बापाचं राहतं घर, त्याभोवतीची थोडी जमीन, एक हंडा, एक लाकडं फोडायची कुऱ्हाड आणि नांगराचा एक लोखंडी भाग, एवढं धाकट्याचं. बापालाही ते दुसऱ्या कुणाला देता यायचं नाही. लग्नाबाहेरचा मुलगा बापाने आपला म्हटला, तर त्यालाही हिस्सा. मुलींना मात्र जमिनीत काही नाही. गंमत म्हणजे १२८४ साली वेल्स जिंकल्यावर इंग्रज राजाने बरोबर उलटं केलं: अनौरस मुलांना बाद केलं आणि मुलगा नसेल तिथे मुलींना वारसा दिला. भावाभावांतली वाटणी मात्र त्याने तशीच ठेवली. ती कायद्यातून गेली १५४३ च्या सुमारास, तेव्हापासून थोरला तो वारस.

सारखी वाटणी म्हटलं की पुढचा शब्द मराठी माणसाला सांगावा लागत नाही. ओवाइन ग्विनेद ११७० साली मेला आणि त्याच वर्षी त्याच्या दोन मुलांनी तिसऱ्या सावत्र भावाला लढाईत मारलं. मेलेला हिवेल हा कवी होता. मारणारे डेव्हिड आणि रोद्री. पुढे चार वर्षांत डेव्हिडने रोद्रीला कैदेत टाकलं, रोद्री निसटला, आणि शेवटी पुतण्या लिवेलिन याने डेव्हिडला गादीवरून खाली खेचलं. आपण ज्याला नारायणराव-रघुनाथराव म्हणतो ते हेच. या रोद्रीपासून विन घराणं आपला वंश सांगतं.

सर जॉनने घराण्याचा इतिहास स्वतः लिहिला. आपण चांगल्या कुळातले आहोत हे कळणं म्हणजे मनाला मोठा विसावा, असं त्यात एके ठिकाणी म्हटलंय. ते पुस्तक बराच काळ हस्तलिखितातच राहिलं आणि १७७० साली छापून आलं. मी ते वाचायला घेतलं तेव्हा वाटलं, आता राजेरजवाडे आणि पराक्रम सुरू होणार. निघाली ती भाऊबंदकी, पानोपानी. एव्हिओनिद या समुद्राकाठच्या मुलखात सगळे शेजारी चुलतभाऊ आणि सगळे चुलतभाऊ वैरी. घरं जाळतायत, जत्रेत गाठून मारतायत. एका हाणामारीत एक आई मध्ये पडते आणि मुलाचं डोकं वाचवायला त्यावर आपला हात ठेवते. वार बसतो. अर्धा पंजा आणि तीन बोटं तुटून पडतात. सर जॉन हे दोन ओळींत सांगतो आणि पुढच्या मारामारीकडे वळतो. मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीशी उभी राहिले.

या सगळ्याला विटून सर जॉनचे पणजोबा मारेदिद यांनी एव्हिओनिद सोडलं आणि डोंगरातल्या डोल्विदेलान या उजाड, दरोडेखोरांनी भरलेल्या खोऱ्यात जाऊन राहिले. का, तर तिथे चोरांशी लढावं लागेल, इथे राहिलो तर स्वतःच्या रक्ताच्या माणसांना मारावं लागेल नाहीतर त्यांच्या हातून मरावं लागेल. त्यापेक्षा चोर बरे. आमच्या आजोबांनी गावचा वाडा सोडून मळ्यात छप्पर घातलं, तेव्हा ते हेच म्हणाले होते. फक्त आजोबांच्या वेळी चोर नव्हते, बिबटे होते.

डोल्विदेलानचं छोटं दगडी देऊळ मारेदिद यांनीच बांधलं. आत भिंतीवर त्यांची पितळी प्रतिमा आहे, चिलखत घालून गुडघ्यावर बसलेली, १५२५ सालची. मी आणि आजी तिथे गेलो तेव्हा आत आम्ही दोघीच. आजींनी पितळेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, चिलखत काढून कधी प्रार्थना केली असेल का यांनी? प्रश्न अगदीच गमतीचा नव्हता. मारेदिद चर्चला यायचे तेव्हा घराला आतून कड्या घालून मागे राखण ठेवलेली असायची, बरोबर धनुर्धारी असायचे, आणि जवळच्या एका खडकावर राखणदार बसवलेला असायचा. त्या खडकावरून घरही दिसायचं आणि चर्चही. हल्ला आला की त्याने हाक द्यायची. आम्ही बाहेर येऊन तो खडक कुठला असेल म्हणून बराच वेळ बघत होतो. पावसात सगळेच खडक सारखे दिसतात.

तिथून लानरूस्ट. चर्चला लागून विन घराण्याची खास बाजू आहे, १६३३ साली सर जॉनच्या मुलाने, सर रिचर्डने, बांधलेली. आत एक मोठी रिकामी दगडी शवपेटी आहे, त्याच पुतण्याची, थोर लिवेलिनची, असं म्हणतात. आणि भिंतीवर पांढऱ्या संगमरवरावर कोरलेली वंशावळ.

ती मी उभ्याने दोनदा वाचली. इथे सर जॉन विन निजला आहे, तो मॉरिसचा मुलगा आणि वारस, तो जॉनचा मुलगा आणि वारस, तो मारेदिदचा मुलगा आणि वारस, तो येयानचा मुलगा आणि वारस… असं थेट रोद्रीपर्यंत. डझनभर वेळा ‘मुलगा आणि वारस’. पहिल्या वाचनात देवळातली आरती ऐकावी तसं ऐकलं. दुसऱ्या वाचनात खटकलं. मधल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत इथे ‘वारस’ असा एकटा माणूस नव्हताच! सगळे भाऊ वारस होते. म्हणून तर एकमेकांची घरं जाळत होते. सारखी वाटणी बंद होऊन अजून शंभर वर्षं झाली नव्हती, आणि या दगडाने मागे जाऊन प्रत्येक पिढीतले बाकीचे भाऊ पुसून टाकले होते. एवढा गुळगुळीत संगमरवर आणि एवढी खाडाखोड!

आणखी एक. या चढत्या माळेत एकाही बापलेकाच्या मधल्या आईचं नाव नाही. वरच्या पिढ्यांत दोन बायका मात्र नावानिशी आहेत. एक एम्मा, इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची बहीण, डेव्हिडची बायको. दुसरी जोन, जॉन राजाची मुलगी, लिवेलिनची बायको. दोघीही विन घराण्याच्या पूर्वज नाहीत. एक रोद्रीच्या भावाची बायको, एक पुतण्याची. त्यांची नेमणूक माहेराच्या जोरावर.

खाली सर जॉन आणि त्याची बायको सिडनी यांची मुलं. अकरा मुलगे, दोन मुली. प्रत्येकापुढे नोंद: ‘हयात’, किंवा ‘इथे निजला आहे’. थोरला इटलीत लुका गावी मेला. रॉजर नावाचे दोन. पहिला लहानपणी गेला असणार, म्हणून नाव पुन्हा वापरलं; आता दोघेही इथेच निजलेत. थोरली मुलगी मेरी दिली ती मॉस्टिनांच्या घरात. सातबाऱ्यावर नावापुढे ‘मयत’ लिहितात ना, अगदी तसं. एवढ्या सगळ्या दिमाखात मला तेवढाच भाग ओळखीचा वाटला.

अशा वंशावळी लिहून देणारे लोक असत. वेल्समध्ये हे काम भाटकवींचं. ते घरोघर फिरत, यजमानाची बत्तीस पिढ्यांची कीर्ती गात, जेवून-खाऊन बिदागी घेऊन पुढच्या वाड्यावर जात. लुइस डन नावाच्या कवीला तर १५८६ साली अधिकृत नेमणूक मिळाली होती. त्याने सगळा वेल्स पालथा घालून घराण्यांच्या वंशावळी उतरवल्या, त्यावर खुद्द यजमानांच्या सह्या घेतल्या, आणि कुणी किती पैसे दिले तेही टिपलं. आमच्या गावी पिकं निघाली की हेळवी यायचा, बैलासह. ओसरीवर बसून पोथीतून आमची पिढी न्‌ पिढी वाचायचा आणि पायलीभर ज्वारी, एखादं जुनं धोतर घेऊन जायचा. ज्या घरात ज्वारी मिळायची नाही, त्या घरातली नवी मुलं त्याच्या पोथीत जन्मत नसत.

त्या भाटांच्या जंजाळातून आजच्या माणसाला वाट काढून दिली ती पीटर बार्ट्रम या इंग्रजाने. पोटापाण्याला हवामानशास्त्रज्ञ, नोकरी बर्म्युडा आणि पश्चिम आफ्रिकेत. फावल्या वेळात वेल्श शिकला आणि सन ३०० ते १४०० पर्यंतच्या वेल्श वंशावळी आठ खंडांत, मग पुढच्या शंभर वर्षांच्या अठरा खंडांत मांडल्या. २००८ साली गेला तेव्हा शंभरी ओलांडली होती. त्याच्या तक्त्यांत मुलीही आहेत, त्यांच्या ‘वेर्ख’सकट. कोण कुठल्या घरात गेली हे त्यात बघितलं की कळतं, उत्तर वेल्समध्ये सगळे सगळ्यांचे कोण ना कोण.

या सगळ्यांना एकत्र बांधणारी बाई कोण, असं कुणाही वेल्श माणसाला विचारा, तो सांगेल: कॅथरिन. बेराइन या घरातली. चार लग्नं केली, आणि मुलं, सावत्र मुलं, नातवंडं एवढी पसरली की तिला ‘वेल्सची आई’ म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की पहिल्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेत चर्चमध्ये जाताना रिचर्ड क्लफने तिला हात दिला आणि मागणी घातली. बाहेर येताना मॉरिस विनने हात दिला आणि मागणी घातली. ती म्हणाली, उशीर झाला, आत जातानाच मी होकार दिलाय. पण याचंही करायची वेळ माझ्यावर आली, तर तिसरे तुम्ही. आणि झालंही तसंच. हा मॉरिस म्हणजे सर जॉनचा बाप. कार्डिफच्या संग्रहालयात तिचं १५६८ चं चित्र आहे: काळा पोशाख, शांत चेहरा, एक हात कवटीवर. आजींच्या लांब कागदावर मॉरिस आहे. कॅथरिन नाही.

आता त्या कागदाचं काय झालं ते सांगते. काम खालून वर करायचं असतं. राजापासून सुरुवात करणारा हमखास राजापाशीच पोचतो. १८४१ पासूनच्या शिरगणत्या सोप्या गेल्या. १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद आहे. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. आजींच्या खापरपणजोबांच्या बापाचं लग्न १७९० च्या दशकात, आडनाव स्वच्छ ‘विन’. मी खूश. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधली. सापडली, आणि माझा चहा गार झाला. मुलाचं नाव आहे, बापाचं नाव आहे, बापाच्या नावापुढे आजोबाचं नाव आहे. विन कुठेच नाही. डोंगरातल्या गरीब घरांत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती जुनी माळच चालू होती. आडनाव लावायची वेळ आली तेव्हा या गृहस्थाने ‘विन’ लावलं. केस पिंगट असतील, नाहीतर वाड्याची कुळं असतील. गोरा होता म्हणून गोरे झाला, एवढंच.

तरी मी थांबले नाही. १८५८ पूर्वीची वेल्समधली मृत्युपत्रं आबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि घरबसल्या बघता येतात. त्या विनच्या बापाचं मृत्युपत्र मिळालं. सहीच्या जागी फुली. गाई, मेंढ्या, एक बिछाना. थोरल्याला जनावरं. धाकट्याला घरातला पितळी हंडा. हंडा धाकट्याला, हा कायदा जाऊन तेव्हा दोनअडीचशे वर्षं झालेली. योगायोगही असेल. पण मला तो हंडा राजापेक्षा जास्त खात्रीचा वाटला.

आणि इकडे खऱ्या विनांचं काय झालं? अकरा मुलगे असलेल्या सर जॉनचा पुरुषवंश तो मेल्यानंतर ९२ वर्षांत संपला. ग्विदिर गेलं चौथ्या बॅरोनेटच्या एकुलत्या मुलीबरोबर, तिच्या लग्नात, १६७८ साली, एका इंग्रज उमरावाच्या घरात. पाचवा आणि शेवटचा बॅरोनेट १७१९ साली निपुत्रिक मेला. त्याने बायकोकडून आलेल्या इस्टेटीचं नाव विनस्टे केलं होतं. ती दिली वॉटकिन विल्यम्स या नातलगाला, अट अशी की त्याने विन हे नाव लावावं. या वॉटकिनचं नातं कसं? त्या दगडावर ‘हयात’ म्हणून कोरलेला एक मुलगा आहे, विल्यम. त्याची मुलगी, तिची मुलगी, तिचा हा मुलगा. ‘मुलगा आणि वारस’ कोरून शंभर वर्षं होत नाहीत, तोच सगळं नाव दोन बायकांच्या पदराला लोंबकळत पुढे आलं. याच घरातला चार्ल्स वॉटकिन विल्यम्स-विन १८२२ ते १८२८ लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता. म्हणजे पेशवाई नुकतीच बुडालेली, मुंबईत एल्फिन्स्टन गव्हर्नर, आणि आपल्याकडच्या जमिनी कुणाच्या नावावर राहायच्या ते ज्या कारभारात ठरत होतं, त्याच्या वरच्या टोकाला एक विन बसलेला. विनस्टेचा वाडा १८५८ साली जळला, त्यात ग्रंथालयही गेलं. किती वंशावळी जळाल्या कोण सांगणार.

आजींना सांगायचं कसं याचा मी दोन दिवस विचार केला. मग डोंगर चढावा तसं एका दमात सांगून टाकलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारलं, हंड्याचं काय झालं? मी म्हटलं, ते कागदात नाही. त्यांनी तो लांब कागद पुन्हा फरशीवर पसरायला लावला, आणि वडिलांच्या अक्षरातल्या त्या ठळक रेघेवर स्वतः पेन्सिलीने छोटे छोटे आडवे काप दिले, रेघ तुटक दिसेल असे. राजा तसाच ठेवला. फुलीवाल्याच्या शेजारी मोकळी जागा होती तिथे त्याच्या बायकोचं नाव लिहायला सांगितलं. ते मृत्युपत्रात होतं.

घरी आले तर फोनवर चुलतभावाने आमचा स्टॅम्पपेपर पाठवलेला होता, टाइप होऊन. पणजोबा, आजोबा, वडील, काका, मग आम्ही. माझ्या नावापुढे ‘विवाहित’. त्यानंतर माझं हक्कसोडपत्र लागेल, तेही त्याने अदबीने लिहिलं होतं. ते मी देणारच आहे. मिरजेतली दीड एकर मी चेस्टरहून काय कसणार. मी फोन लावला आणि म्हटलं, आत्या दोनच लिहिल्यास. तीन होत्या. मधली लहानपणी गेली, देवीच्या साथीत.

‘ताई, तिचं काय करायचं? ती वारस नाही न काही नाही.’

मी म्हटलं, नाव तरी विचार काकूला.

तो उठून आत गेल्याचं ऐकू आलं. मग लांबून काकूचा आवाज: ‘ठकी म्हणायचे तिला. बारशाचं नाव काय होतं कुणास ठाऊक, मी आले तेव्हा ती नव्हतीच.’ भाऊ परत फोनवर आला आणि त्याने विचारलं, ‘मग काय टाइप करायला सांगू? ठकी?’